जमीन, पाणी, धुराच्या वादात शिकलेला मध्यस्थ: बेळगाव-खानापूर भागात जमेल का?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी.

मी बेळगावात वकिली करते. मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण घेतलं आहे आणि कोर्टाने पाठवलेली प्रकरणं मध्यस्थ म्हणून हाताळते. वाटणीचे दावे, बांधाचे कज्जे, नवरा-बायकोचे तंटे, न वटलेले चेक, असं सगळं त्यात येतं. पण आपल्या भागाला पोखरणारे मोठे वाद त्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. हलगा-मच्छे बायपासखाली जाणारी पिकाऊ जमीन, बळ्ळारी नाल्याचं शिवारात शिरणारं पाणी, तुरमुरीचा कचरा डेपो, खानापूर तालुक्यातल्या वीटभट्ट्या, खाणींचे सुरुंग, भीमगडच्या जंगलातल्या गावांचं स्थलांतर. यांची वाट ठरलेली आहे: निवेदन, मोर्चा, पोलीस बंदोबस्तात मोजणी, स्टे आणि मग तारखा. बापाने हातात धरलेली फाइल मुलाच्या हातात येते, तोवर जमीन पडीक झालेली असते किंवा तिच्यावर प्लॉट पडलेले असतात.

बाहेरच्या काही देशांत अशा वादांसाठी याच कामात मुरलेले मध्यस्थ असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोक्वाल्मी नदीच्या खोऱ्यात १९७३ साली हा प्रयोग सुरू झाला. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना पुरातून सुटका हवी होती, म्हणून धरण हवं होतं. पर्यावरणवाल्यांना धरण नको होतं, कारण पूर थांबला की शेती जाऊन तिथे घरं उठतील अशी त्यांना भीती होती. गव्हर्नर डॅन इव्हान्स यांनी जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी या दोघांना मध्ये घातलं. बैठकांमागून बैठका होऊन १९७४ च्या अखेरीस करार झाला. खोऱ्यातली शेती टिकावी हे दोन्ही बाजूंना हवं होतं, आणि करारात पूरनियंत्रणाबरोबर जमिनीच्या वापरावरचे निर्बंधही आले. बळ्ळारी नाल्याकाठच्या माणसाने हे वाचलं तर त्याला ते परकं वाटणार नाही.

असा मध्यस्थ निकाल देत नाही. महामार्गाच्या भूसंपादनात केंद्र सरकारने नेमलेला लवाद असतो, तो भरपाईची रक्कम ठरवतो. रस्ता कुठून जावा हा प्रश्न त्याच्यापुढे मांडताच येत नाही. मध्यस्थाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. तो पहिल्यांदा एकेकाच्या घरी जातो. मिटिंगला कधी न येणारी कुळं, गुराखी, विधवा बायका, भट्टीवरचे मजूर यांच्याकडेही जातो. वादात नक्की कोण कोण आहे याची यादी त्यातून होते. मग कोणत्या गोष्टीवर माहितीचाच वाद आहे आणि कोणत्या गोष्टीवर मनाचा, हे तो वेगळं काढतो. माहितीचा वाद असेल तर दोन्ही बाजूंना चालेल अशा माणसाकडून मोजून घेतो. एकत्र बसणं त्यानंतर.

आता कायद्याचं. मध्यस्थी कायदा २०२३ मध्ये आला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत मध्यस्थीला न चालणाऱ्या प्रकरणांची यादी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या खास न्यायाधिकरणाच्या, अखत्यारीतले विषय त्यात आहेत. भूसंपादन आणि त्याची भरपाई हेही त्यात आहे. म्हणजे आपले दोन सगळ्यांत मोठे वाद या कायद्याने बाहेरच ठेवले. पण त्याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो, म्हणून हे प्रकरण लागू झालंय का ते अर्जाआधी पाहायचं. एखाद्या भागातल्या रहिवाशांची शांतता, सलोखा बिघडेल असा वाद असेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, तीन मध्यस्थांचं पॅनेल बसतं. झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, ही त्यातली मोठी उणीव. तरीही मला यात जागा दिसते. भूसंपादनाची अधिसूचना निघायच्या आधीचा काळ आणि गावागावांतले धूर-पाणी-वाटेचे वाद, ही ती जागा.

तुमच्या गावात असा वाद असेल तर लिहा. कोण मध्ये पडलं, काय झालं, काय बिघडलं, सगळं.

---

भातवाला वडगाव

ताई, सगळं वाचलं. चांगलं लिहिलंयसा. पण मला एक कळंना झालंय. आम्ही बसायचं कुणासंगं?

आमचं शिवार नाल्याला लागून. जुलैत लावणी करायची, आठ दिवसांत नाला चढतोय, पाणी उतरेस्तोवर रोप कुजतंय. दुबार लावणी केली तर रोप कुठनं आणायचं? काही जणांनी भात सोडूनच दिलंय. आमच्या भागातली बासमती लोक वास घेऊन ओळखायचे, आता नाल्याकडेच्या रानात तिचं नाव कोण काढतोय? भात काढून मसूर, वाटाणा टाकायचा तर रान वेळेत वाफशाला येत नाही.

आता दोष कुणाचा? शहराचं सांडपाणी नाल्यात येतंय. वरच्या अंगाला प्लॉट पडलेत, भर घातलीया. मधी कुणी बांध पुढं सारलाय, त्यात आमचे भावकीतलेपण हाईत. जलपर्णी वाढलीया. पुलाच्या मोऱ्या बारक्या. महापालिका म्हणते पाटबंधारे, पाटबंधारे म्हणते महापालिका. नवरा-बायकोच्या भांडणात दोघंच असतात. हितं पन्नास जण. कुणाला बोलवणार तुम्ही?

आणि दुसरं. आमच्यात पंच आहेत की. गावच्या देवस्थान कमिटीचे पंच बांधाचं भांडण एका बैठकीत मिटवतात.

---

निवृत्त महसूल

वडगावकर आण्णांचा प्रश्न बरोबर आहे, पण निम्मं उत्तर दप्तरात पडून आहे. मी महसूल खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच तलाठी म्हणून. नाल्याची रुंदी किती हा वाद तोंडाने घालायचा नसतो. जुन्या टिपणात (मूळ मोजणीची नोंद) आणि फाळणी नकाशात (हिश्श्यांचा नकाशा) ती आहे. उताऱ्यावर खराब जमिनीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार दिसतील. ‘ब’ खराब म्हणजे नाले, वाटा, सार्वजनिक वापराची जागा. ती कुणाच्या मालकीची होत नाही आणि वहिवाटीने कुणाच्या घशातही जात नाही. पण शेतकऱ्याने हा कागद पाहिलेला नसतो, आणि पाहिला तरी तो कन्नडमध्ये असतो. आमच्या वेळचे म्हातारे मोडी वाचायचे, त्यांची मुलं बाळबोध मराठी, आणि आता सगळं संगणकावर कन्नड. अर्थ लावायला तिसऱ्या माणसाकडे जावं लागतं, आणि तो तिसरा माणूस बहुतेक वेळा जमिनीचा एजंट असतो.

पंचांबद्दल. मी पंचांचा मान ठेवतो. गावातले कितीतरी बांध त्यांच्यामुळे शाबूत आहेत. पण पंच गावातल्या दोन घरांत न्याय करतात. वादात शहरातला बिल्डर आला, सरकारी खातं आलं की त्यांचा शब्द चालत नाही. आणि पंचांत बायका किती असतात, कूळ किती असतात, तेही पाहा.

---

मार्कंडेयकाठ

वडगावकर आण्णा, पन्नास जण हा आकडा या कामात घाबरवणारा नाही. अशा मध्यस्थीत प्रत्येक गटाने आपला माणूस द्यायचा असतो आणि त्या माणसाने परत जाऊन आपल्या गटाला विचारायचं असतं. तुमच्याकडे मला वरवर पाहता असे गट दिसतात: खालच्या अंगाचे शेतकरी, वरच्या अंगाचे शेतकरी, बांध पुढे सारलेले, प्लॉटवाले रहिवासी, महापालिका, पाटबंधारे. यातले पहिले तीन आज एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ते बोलत नाहीत तोवर उरलेल्या तिघांना कुणाला उत्तर द्यायची गरजच पडत नाही.

मी यात काय केलं असतं ते सांगते. पहिल्या पावसाळ्यात एकही मोठी बैठक घेतली नसती. पुलांच्या खांबांवर रंगाने फुटांच्या पट्ट्या मारायच्या. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाण्याची उंची वहीत लिहायची. लिहिणारे दोघे, एक खालच्या अंगाचा आणि एक वरच्या अंगाचा, आणि दोघांची सही. पाऊस किती पडला तेही शेजारी. भर घातलेल्या जागा, जलपर्णीने तुंबलेल्या जागा, बारक्या मोऱ्या यांचे फोटो तारखेसकट. निवृत्त महसूल काका म्हणतात ते टिपण-फाळणीचे कागद काढून मराठीत समजावून द्यायचे. पावसाळा संपल्यावर ती वही टेबलावर ठेवायची. कोणत्या मोरीपाशी पाणी अडतं हे दोन्ही बाजूंनी आपल्या हाताने लिहिलेलं असलं की “तुमच्यामुळे” हा शब्द बैठकीतून बराच कमी होतो.

महापालिका आणि पाटबंधाऱ्यालाही अशी वही टाळणं अवघड जातं. निवेदनाला पोच मिळते आणि ते फायलीत जातं. दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी मिळून सही केलेली मोजणी वेगळी. ती उद्या हरित लवादात गेलात तरी कामाची आहे.

---

खानापूरचा भट्टीवाला

मी भट्टी चालवतो. या धाग्यात माझ्यासारख्याला शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहितोय. खानापूरची माती चांगली, म्हणून विटा, कौलं, मडकी हा आमचा पिढ्यांचा धंदा. सुगी संपली की भट्टी लागते आणि पाऊस यायच्या आत उतरवायची असते.

शेजारच्या आंबा-काजूवाल्यांशी आमचं वाकडं झालं होतं. मोहोर करपला, फळाचं टोक काळं पडलं, की बोट आमच्याकडे. मातीचे ट्रॅक्टर पाणंदीने जायचे, चाकोऱ्या पडायच्या, पावसाळ्यात त्यांची बैलगाडी अडकायची. एकदा ट्रॅक्टर अडवला, काचा फुटल्या, दोन्हीकडून पोलिसात तक्रारी झाल्या. माझी पोरं आणि त्यांची पोरं एकाच शाळेत.

दूध सोसायटीतल्या एकाने ओळखीच्या शिकलेल्या मध्यस्थाला बोलावलं. बैठकीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी ते सांगत नाही. पण मला काय पटलं ते सांगतो. तो माणूस पहिल्यांदा माझ्याकडे एकटाच आला आणि मला हिशोब विचारला. लाकूड किती, भुसा किती, भट्टी किती दिवस जळते, कर्ज किती. इतकी वर्षं सगळे मला “बंद कर” म्हणायला आले, हा पहिला माणूस धंदा कसा चालतो ते विचारायला आला. बागवाल्याकडेही तसाच गेला. मग दोघांना एका बागायत जाणणाऱ्या माणसापुढे बसवलं. भट्टीच्या धुराने आंब्याच्या टोकाला काळं पडतं हे मी पूर्वी मानत नव्हतो, त्याने ते समजावलं. मोहोर करपायला धुक्याचं आणि तुडतुड्याचंही कारण असतं हे बागवाल्याला समजावलं.

आज आम्ही मोहोर येतो त्या काळात बागेच्या अंगाची भट्टी लावत नाही. माती वाहायचा रस्ता बदललाय. पाणंदीला मुरूम मी टाकतो. सगळं गोड झालंय असं नाही. पण मागच्या सुगीला त्यांनी पेंढा द्यायला मला हाक मारली.

एक विचारायचं होतं. नवीन नियम काय आहेत? कुणी म्हणतं सगळ्या भट्ट्या बंद होणार.

---

मार्कंडेयकाठ

भट्टीवाले दादा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुम्ही जे सांगितलं नाहीत, तेही बरोबर केलंत. गुप्तता ही या कामाची पहिली अट आहे. कायद्यानेही मध्यस्थीत झालेलं बोलणं पुढे कोर्टात पुरावा म्हणून आणता येत नाही. त्यामुळेच माणूस खरं बोलायला धजावतो.

नियमाबद्दल: केंद्राने २०२२ च्या फेब्रुवारीत वीटभट्ट्यांसाठी मानकं काढली. नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर लांब हवी, आणि दोन भट्ट्यांत किमान १ किलोमीटर अंतर हवं, असं त्यात आहे. तुमच्या जुन्या भट्टीला काय लागू होतं ते कागद पाहून सांगावं लागेल. पण एक स्पष्ट करते. नियम मोडून केलेला समझोता समझोता नसतो. मध्यस्थी नियमाच्या वरती काय करायचं ते ठरवते, खालती नाही.

---

रानातली

मी भीमगडच्या रानातल्या एका गावची. आता खानापुरात असते, आई-वडील अजून तिथे. वकीलताईंचं म्हणणं मन लावून वाचलं आणि मला भीती वाटली, म्हणून लिहितेय.

२०११ मध्ये अभयारण्य झालं. त्याआधीही आम्ही तिथेच होतो. आमगाव, कोंगळा, गवाळी, पास्टोली, तळेवाडी, कृष्णापूर, ही नावं पावसाळ्यात बातम्यांत येतात, कारण आजारी माणसाला खांद्यावरून चिखल तुडवत आणावं लागतं. रस्ता मागितला की जंगल कायदा दाखवतात. पूल मागितला की तेच. मग एके दिवशी अधिकारी येऊन विचारतात, बाहेर यायचं का? १५ लाखांचं पॅकेज आहे, स्वेच्छेने. रस्ता, शाळा, दवाखाना काहीही न देता विचारलेल्या प्रश्नाला होकार आला तर त्याला स्वेच्छा म्हणायचं का? तळेवाडीची कुटुंबं २०२५ मध्ये बाहेर पडायला लागली. काहींना खरंच जायचं होतं. तरुणांना तर हवंच आहे. माझ्या भावालाही हवं आहे. माझ्या बाबांना नको आहे. हा वाद आमच्या चुलीपाशी आहे.

अशा ठिकाणी मध्यस्थ आणला तर तो काय करणार? एका बाजूला खातं, कायदा, पैसा. दुसऱ्या बाजूला दोन डझन घरं. दोघांना समान खुर्च्या दिल्या म्हणून दोघं समान होत नाहीत. मध्यस्थाचा पगार कोण देणार? खात्याने दिला तर तो कुणाचा? आणि “चर्चा झाली, गावाने मान्य केलं” असं लिहायला त्याचा उपयोग होणार नाही कशावरून? २००६ च्या वनहक्क कायद्यात हक्कांची नोंद आधी पुरी करायची आणि वन्यजीवांसाठी राखीव करायच्या अधिवासातून कुणाला हलवायचं तर ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची असं आहे. आम्हाला मध्यस्थाआधी ते हवं आहे. हक्काची गोष्ट वाटाघाटीला का लावायची?

---

मार्कंडेयकाठ

अक्का, तुमचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणता ते मान्य आहे: हक्काची गोष्ट वाटाघाटीला लावायची नाही. वनहक्काचे दावे निकाली निघाले नसतील तर कोणताही चांगला मध्यस्थ तिथे स्थलांतराची बैठक घ्यायला नकार देईल. द्यायलाच हवा. काम सुरू करण्याआधी परिस्थिती पाहून “इथे मध्यस्थी योग्य नाही” असं लेखी सांगणं हाही या पेशाचा भाग आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा भाग.

पगाराचं: कायदा म्हणतो, वेगळं ठरलं नसेल तर खर्च दोन्ही पक्षांनी सारखा वाटून घ्यायचा. गरीब गाव आणि सरकारी खातं यांच्यात हे न्यायाचं नाही. कायदा सेवा प्राधिकरणामार्फत झालं तर पक्षकाराला फी पडत नाही, म्हणून मी तोच रस्ता सुचवते. तिथेही मध्यस्थ निवडताना गावाला नकाराचा हक्क हवा. सामुदायिक मध्यस्थीच्या पॅनेलवर बायकांचं प्रतिनिधित्व पाहावं असं कायद्यातच आहे, ते मागून घ्यावं लागेल.

पण तुम्ही लिहिलेला चुलीपाशीचा वाद, भावाचा आणि बाबांचा, तिथे मला मध्यस्थाचं काम दिसतं. खात्याशी बोलण्याआधी गावाने आपसात बोलायचं. कुणाला जायचं, कुणाला राहायचं, राहणाऱ्यांच्या वाटेचं काय, गेलेल्यांच्या देवराईचं काय, म्हाताऱ्यांना कोण बघणार. केंद्राच्या व्याघ्र प्राधिकरणाच्या पॅकेजच्या नियमांत १८ वर्षांवरचा मुलगा, १८ वर्षांवरची अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटित बाई यांना वेगळं कुटुंब धरतात. भीमगडला हाच हिशोब लावलाय का, हे गावातल्या बायकांना कुणी समजावलंय का? या बैठकीत खात्याचा माणूस नको. मध्यस्थ मराठी बोलणारा, शक्यतो बाई, आणि गावाने निवडलेली.

---

रानातली

हे पटलं. पहिलं जे लिहिलंत तेही पटलं, पण ते कुठेतरी लेखी हवं. “इथे मध्यस्थी नको” हे लिहून देणारा मध्यस्थ मी अजून पाहिला नाही.

---

रस्ता-पूल

मी रस्त्याच्या कामातला इंजिनिअर, निवृत्त. राहायला टिळकवाडीत. बायपास आणि रिंगरोडबद्दल थोडं आतलं लिहितो. कुणावर टीका म्हणून नाही.

शेतकऱ्याला रस्त्याची पहिली बातमी वर्तमानपत्रात सर्व्हे नंबर छापून येतात तेव्हा कळते. महामार्ग कायद्यात त्या अधिसूचनेपासून २१ दिवसांत हरकत घ्यायची असते. शेतकरी धावपळ करतो, हरकत देतो, सुनावणी होते, आणि त्याला वाटतं की आता आपलं ऐकून रस्ता वळवतील. पण रस्ता कागदावर त्याच्या खूप आधी ठरलेला असतो. सल्लागार कंपनी दोन-तीन पर्याय काढते, खर्च, वळणं, पूल, वाहतूक यांचा तक्ता करते, एक पर्याय निवडला जातो. त्या तक्त्यात “तिबार पिकाची जमीन” असा रकाना मी कधी पाहिला नाही. भूसंपादनाचा खर्च असतो, पण तो सरकारी दराने, आणि आपल्या भागात तो दर बाजारभावाच्या कुठल्या कुठे असतो. म्हणून सुपीक जमीन कागदावर स्वस्त दिसते.

मध्यस्थाचा उपयोग व्हायचा तर त्या तक्त्याच्या वेळी. २१ दिवसांत नाही. आणि त्या वेळी त्याला कायद्याची अडचणही नाही, कारण भूसंपादन सुरूच झालेलं नसतं. पर्याय अजून पेन्सिलीने काढलेले असताना गावांना नकाशा दाखवा, मराठीत आणि कन्नडमध्ये. कुठे विहीर आहे, कुठे पाट आहे, नाल्याचं पाणी कुठून वळतं, भराव घातला तर कुठल्या अंगाला तळं होईल, हे शेतकऱ्याला इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत असतं. मी स्वतः असे भराव बघितलेत की ज्यांच्या एका बाजूला शेत बुडतं आणि दुसऱ्या बाजूला विहीर आटते, आणि दोन जादा मोऱ्यांनी ते टळलं असतं.

पर्यावरण परवान्याच्या जनसुनावणीला लोक मध्यस्थी समजतात. ती तशी नसते. ३० दिवसांची नोटीस, मांडव, माइक, एकेकाचं बोलणं लिहून घेणं, संपलं. तिथे एकत्र बसून तोडगा काढायला कुणी बांधील नाही आणि लोक ओरडून जातात, कारण तेवढंच शक्य असतं.

---

भातवाला वडगाव

रस्तावाले काका, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही ओ. आम्ही २१ दिवस, २१ दिवस करत बसलो.

---

चंदगडी

सीमेच्या अलीकडून दोन शब्द. ताम्रपर्णी आणि घटप्रभा आमच्याकडून तुमच्याकडे वाहत येतात, हिडकल धरण तुमच्याकडे. नदीत कुठे मळी आली, मासे मेले, तर तक्रार कुठे? आमच्या चंदगडच्या माणसाला हरित लवादाचं पुण्याचं पीठ, तुमच्या हुक्केरी-बेळगावच्या माणसाला चेन्नईचं. एकाच नदीकाठचे दोन शेतकरी दोन दिशांना जातात. राज्यं कोर्टात भांडतात, ते त्यांच्या पातळीवर. म्हादईच्या वादात २०१० साली लवाद नेमला, २०१८ साली निवाडा आला, तरी म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं भांडण कणकुंबीच्या माणसाच्या दारातून हललेलं नाही. अशा पाण्यात गावपातळीचा मध्यस्थ काही करू शकणार नाही, हे मान्य करू.

पण कावेरीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. २००३ साली मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजच्या पुढाकाराने कर्नाटक आणि तमिळनाडूच्या शेतकऱ्यांचं “कावेरी कुटुंब” तयार झालं. एकमेकांच्या भागात जाऊन शेतं पाहिली, पाण्याची खरी अडचण पाहिली. सरकारांनी त्याला हवं तसं मानलं नाही. तरी शेतकरी शेतकऱ्याच्या घरी जेवून आला, हे काही कमी नाही. दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर कागल-निपाणीची माणसं एकमेकांची पाहुणी आहेत. लग्नात बसून पाण्याचं बोलतात. मग पाण्यासाठी बसायला काय हरकत आहे?

मार्कंडेयकाठ ताईंना एक प्रश्न. ते स्नोक्वाल्मीचं धरण पुढे झालं का?

---

मार्कंडेयकाठ

नाही झालं. करारात ठरलेलं धरण पुढे बांधलं गेलं नाही. म्हणून मी करार झाला की काम संपलं असं कधी म्हणत नाही. समझोत्यात कोण काय, कुठल्या तारखेपर्यंत, कुणाच्या पैशाने करणार, आणि नाही केलं तर पुन्हा कुठे बसायचं, हे नसेल तर तो कागद नुसता सह्यांचा. सामुदायिक मध्यस्थीचा समझोता बजावता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे हे दुप्पट लागू आहे. सरकारी खातं पक्ष असेल तर जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा लिहून घ्यायचा. नाव लिहिलं तर बदली झाली की कागद मेला.

भाषेचं चंदगडकरांनी अप्रत्यक्ष काढलं, मी सरळ लिहिते. आपल्या भागात मध्यस्थ मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारा हवा. शेतकरी मराठीत रागावतो, अधिकारी कन्नडमध्ये टिपण करतो, आणि मधल्या मधे रागाचा “विरोध” होतो आणि अटीचा “होकार” होतो. समझोता दोन्ही भाषांत लिहायचा, दोन्ही मोठ्याने वाचायचे, मगच सही. सीमावादाचं राजकारण या खोलीच्या बाहेर ठेवता येतं, हे मी वाटणीच्या प्रकरणांत अनेकदा पाहिलं आहे. मराठी आणि कन्नड शेतकऱ्यांची शेतं लागून असली की नाला दोघांनाही बुडवतो.

---

निवृत्त महसूल

वडगावकर आण्णा, तुम्ही आठ-दहा जण तयार असाल तर टिपण-फाळणीच्या नकलांसाठी अर्ज मी लिहून देतो. सर्व्हे नंबर आणि हिस्से तेवढे बरोबर आणा. मोबाइलवरचा उतारा आणू नका, शिक्क्याचा आणा.

---

भातवाला वडगाव

आणतो की काका. वरच्या अंगाच्या दोघांशी काल बोललो. एक तयार हाय. दुसरा म्हणतोय, आधी माझा बांध मोजणार नाही असं लिहून द्या.

---

मार्कंडेयकाठ

असं लिहून देता येणार नाही, आणि त्याला ते सरळ सांगा. एवढं मात्र सांगता येईल की पहिल्या पावसाळ्यात फक्त पाणी मोजायचं आहे, बांध नाही, आणि वहीवर त्याची सही असेल. त्याला माझ्याकडे पाठवू नका, मीच त्याच्याकडे येते. सामुदायिक मध्यस्थीचा अर्ज वही पुरी झाल्यावर करू, आत्ता नको. पट्ट्या मारायला मे संपायच्या आत पूल कोरडे मिळतील तेव्हा जायला हवं. रस्ता-पूल काका, कुठल्या खांबावर मारायच्या ते तुम्ही येऊन दाखवाल का?

---

रस्ता-पूल

येतो. शून्य कुठे धरायचं ते आधी ठरवू, नाहीतर प्रत्येक पुलाची उंची वेगळी येईल आणि वही निरुपयोगी ठरेल. लेव्हल मशीन माझ्या ओळखीत आहे. ऑइलपेंट आणि ब्रश तेवढा तुम्ही आणा.